गरिबाच्या शाळेचा पैसा आणि थॅडियस स्टीव्हन्स

११ ऑगस्ट हा थॅडियस स्टीव्हन्स यांचा स्मृतिदिन. १८६८ साली याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय निघाला की आपल्याला अब्राहम लिंकन आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण लिंकन यांना प्रत्येक वेळी आणखी एक पाऊल पुढे टाकायला भाग पाडणारा, त्यांच्या मृत्यूनंतर काळ्यांच्या नागरिकत्वासाठी संसदेत उभा ठाकलेला हा लंगडा म्हातारा आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. २०१२ साली लिंकन यांच्यावर जो चित्रपट आला, त्यात टॉमी ली जोन्स या नटाने स्टीव्हन्स रंगवला, तेव्हा काही जणांना हे नाव कळले. त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी मात्र अमेरिकेतील इतिहासकार त्यांना सूडबुद्धीचा, द्वेषाने पछाडलेला माणूस म्हणून रंगवीत होते. १९१५ च्या बर्थ ऑफ ए नेशन या कुप्रसिद्ध चित्रपटात त्यांच्यावरच बेतलेले खलपात्र होते. शोषितांच्या बाजूने उभा राहणारा माणूस प्रस्थापितांच्या इतिहासात खलनायकच ठरतो. हा अनुभव आम्हाला नवा नाही!

आज आम्ही स्टीव्हन्स यांची आठवण करतो ती गुलामगिरीसाठी तर आहेच, पण त्याहूनही शाळेसाठी. गरिबाच्या मुलाची शाळा कोणाच्या पैशाने चालावी, या प्रश्नावर त्यांनी १८३५ साली पेन्सिल्व्हेनिया राज्यात लढाई जिंकली होती. त्याच राज्यात गेली पंचवीस-तीस वर्षे त्याच प्रश्नावर दुसरी लढाई चालू आहे. ती चार्टर शाळांच्या पैशाची लढाई आहे. पहिली समजल्याशिवाय दुसरी समजत नाही, म्हणून आधी या माणसाचे आयुष्य पाहू.

चांभाराचा मुलगा

स्टीव्हन्स यांचा जन्म ४ एप्रिल १७९२ रोजी व्हरमाँट राज्यातील डॅनव्हिल या गावी झाला. जन्मतःच त्यांचा एक पाय वाकडा होता. थोरल्या भावाचे तर दोन्ही पाय वाकडे होते. अशा मुलाचा जन्म म्हणजे आईबापांच्या पापाची शिक्षा, असे त्या काळचे धर्मभोळे लोक समजत. वडील शेती आणि जोडे शिवण्याचे काम करीत. ते दारूच्या आहारी गेले आणि एके दिवशी बायको आणि चार मुलांना टाकून निघून गेले. आई सारा हिने लोकांच्या घरी कामे करून मुले वाढवली. धाकट्या गावात शिक्षणाची सोय नाही म्हणून ती मुलांना घेऊन पीचम या गावी आली, कारण तेथे माध्यमिक शाळा होती. मुलाला नांगर धरता येणार नाही, पण पुस्तक धरता येईल, हे त्या बाईने ओळखले. शाळेसाठी गाव बदलणारी आई कोणत्याही देशात सारखीच असते.

त्या शाळेतून थॅडियस डार्टमाउथ कॉलेजात गेले आणि १८१४ साली पदवीधर झाले. पुढे पेन्सिल्व्हेनियातील यॉर्क येथे त्यांनी शिक्षकाची नोकरी केली, नोकरी करता करता कायद्याचा अभ्यास केला आणि १८१६ साली गेटिसबर्गला वकिली सुरू केली. वकिली चालली, पैसा आला, लोखंडाच्या भट्ट्यांत त्यांनी तो गुंतवला.

येथे एक गोष्ट लपवता कामा नये. १८२१ साली याच स्टीव्हन्स यांनी एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेतले आणि चॅरिटी बटलर नावाच्या गुलाम स्त्रीच्या स्वातंत्र्याचा दावा हाणून पाडला. ते जन्मतः महापुरुष नव्हते. पण त्यानंतरच्या आयुष्यात त्यांनी गुलामगिरीच्या बाजूने कधी उभे राहायचे नाही हे पाळले. पळून आलेल्या गुलामांची प्रकरणे ते चालवू लागले. १८५१ साली लँकेस्टर परगण्यातील क्रिस्टियाना या गावी काळ्या लोकांनी गुलाम पकडायला आलेल्या मालकाचा प्रतिकार केला, त्यात मालक मेला. सरकारने कित्येक जणांवर देशद्रोहाचे खटले भरले. त्या खटल्यात बचावाच्या वकिलांत स्टीव्हन्स होते आणि आरोपी सुटला. माणसाची परीक्षा तो कोठून निघाला यावरून नव्हे, कोठे पोहोचला यावरून करावी असे आम्हाला वाटते.

भिकाऱ्यांच्या यादीतली मुले

आता शाळेकडे वळू. पेन्सिल्व्हेनियात १८०९ चा एक कायदा होता. ज्यांना फी परवडत नाही त्यांच्या मुलांची फी सरकारी तिजोरीतून भरावी, असे तो कायदा सांगे. वरवर पाहता किती दयाळू कायदा! पण ही फी मिळवण्यासाठी बापाला आपण कंगाल आहोत असे लिहून द्यावे लागे. त्याचे नाव कंगालांच्या यादीत चढे. वर्गात बसलेल्या मुलांपैकी फी भरणारा कोण आणि यादीतला कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असे. परिणाम काय झाला? स्वाभिमानी गरीब माणसाने मुलाला शाळेत पाठवलेच नाही. कपाळावर शिक्का मारून मिळणारी अक्षरे त्याला नको होती.

१८३४ साली गव्हर्नर जॉर्ज वुल्फ यांच्या कारकिर्दीत मोफत सार्वजनिक शाळांचा कायदा झाला. सर्वांवर कर बसवायचा, त्या करातून सर्वांच्या मुलांसाठी एक शाळा चालवायची, यादी नाही आणि शिक्काही नाही. कायदा झाला आणि गदारोळ उठला. कायदा स्वीकारायचा की नाही हे गावागावातील शाळा-जिल्ह्यांवर सोपवले होते आणि जवळपास निम्म्या जिल्ह्यांनी तो स्वीकारला नाही. आमची मुले मोठी झाली, आम्ही दुसऱ्याच्या मुलांसाठी कर का भरायचा? आमच्या पंथाच्या शाळा आहेत, आम्हाला ही कशाला? कायदा रद्द करा म्हणून सुमारे ३२ हजार लोकांच्या सह्यांचे अर्ज विधिमंडळापुढे आले. १८३५ साली सिनेटने कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत दिले. आता फक्त प्रतिनिधीगृह उरले होते.

स्टीव्हन्स तेव्हा या सभागृहाचे सदस्य होते. त्यांच्या स्वतःच्या मतदारांनीही कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत द्या असे बजावले होते. शिवाय वुल्फ हे विरोधी पक्षाचे, स्टीव्हन्स यांचे राजकीय वैरी. राजकारणी माणूस असता तर गप्प बसला असता. पण ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स उठले आणि त्यांनी असे भाषण केले की ठरून आलेली मते फिरली. मुद्दे साधे होते. ज्या राज्यात लोक मत देऊन सरकार निवडतात, त्या राज्यात मत देणारा अडाणी राहिला तर राज्यच टिकणार नाही. ज्यांना मुले नाहीत ते शाळेचा कर नाकारतात, पण हेच लोक तुरुंगाचा आणि न्यायालयाचा कर मुकाट्याने भरतात. ते स्वतः तुरुंगात जाणार असतात म्हणून का? आणि जुना कायदा गरिबाला मदत करीत नाही, त्याच्यावर डाग देतो. गरिबाची आणि श्रीमंताची मुले एका बाकावर बसली पाहिजेत.

कायदा वाचला, उलट आणखी बळकट झाला. रेडिंग गावच्या स्त्रियांनी ते भाषण रेशमी कापडावर छापून त्यांना भेट दिले. पुढे संसदेत एवढी मोठी कामे केल्यावरही आपल्या आयुष्यातील हे काम स्टीव्हन्स यांना फार मोलाचे वाटत होते.

मात्र त्या बाकावर काळे मूल बसणार होते का? हा प्रश्न आम्ही विचारला नाही तर कोण विचारणार? १८३८ साली पेन्सिल्व्हेनियाची नवी राज्यघटना झाली. तिने मताचा अधिकार गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला, काळ्यांचा काढून घेतला. स्टीव्हन्स त्या घटनासभेत होते. त्यांनी त्या घटनेवर सही करण्यास नकार दिला. १८५४ च्या कायद्याने तर त्या राज्यात जेथे वीस किंवा त्याहून अधिक काळी मुले असतील तेथे त्यांची शाळा वेगळी केली. हा कायदा १८८१ साली गेला, तेव्हा स्टीव्हन्स यांना जाऊन तेरा वर्षे झाली होती. पैसा सर्वांचा आणि बाक मात्र वेगळे, ही चाल फार जुनी आहे.

नागरिकत्व, जमीन आणि एक थडगे

१८४२ साली स्टीव्हन्स लँकेस्टर शहरात राहायला आले. १८४८ साली ते प्रथम संसदेवर निवडून आले. यादवी युद्धाच्या काळात ते संसदेच्या अर्थविषयक समितीचे अध्यक्ष होते. युद्धाला पैसा उभा करायचा आणि त्याच वेळी गुलामांना मुक्त करा, त्यांच्या हाती बंदुका द्या म्हणून लिंकन यांच्या मागे लागायचे, अशी दोन कामे त्यांनी केली. १८६३ साली दक्षिणेच्या फौजा पेन्सिल्व्हेनियात शिरल्या, तेव्हा त्यांनी स्टीव्हन्स यांची लोखंडाची भट्टी शोधून काढून जाळली. शत्रूला आपला खरा शत्रू बरोबर ओळखता येतो!

युद्ध संपले, १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. पण स्टीव्हन्स यांचे म्हणणे होते की बेड्या तोडून माणसाला रिकाम्या हाताने रस्त्यावर सोडणे म्हणजे मुक्ती नव्हे. बंडखोर जमीनदारांच्या जमिनी जप्त करून प्रत्येक मुक्त कुटुंबाला ४० एकर द्या, अशी त्यांची मागणी होती. ती त्यांच्या स्वतःच्या पक्षालाही पेलली नाही. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तर जमिनी मूळ मालकांना परत दिल्या. जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात १८६८ साली स्टीव्हन्स पुढे होते. चालता येत नव्हते, तेव्हा त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणीत. तो महाभियोग एका मताने पडला. पण चौदावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. या देशात जन्मलेला प्रत्येक जण नागरिक आणि कायद्याचे संरक्षण सर्वांना समान, हे तत्त्व त्याच दुरुस्तीने अमेरिकेच्या घटनेत आले. ते आणण्यात स्टीव्हन्स यांचा वाटा मोठा आहे. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तो निकाल याच दुरुस्तीवर उभा आहे. आणि दक्षिणेतील राज्यांत युद्धानंतर ज्या नव्या राज्यघटना झाल्या, त्यांत काळ्या प्रतिनिधींनी पहिल्यांदा काय मागितले? सार्वजनिक शाळा. त्या शाळांचा फायदा गरीब गोऱ्यांनाही झाला, हे डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांनी १९३५ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले. हे तेच डु बॉईस, ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले होते.

स्टीव्हन्स गेले तेव्हा त्यांचा देह संसदेच्या घुमटाखाली ठेवला होता आणि पहाऱ्यावर काळे सैनिक होते. लँकेस्टरला अंत्ययात्रेत सुमारे २० हजार लोक आले, त्यांतील निम्मे काळे होते. त्यांनी आपल्यासाठी जे दफनस्थान निवडले ते लहानसे, बाजूला पडलेले. कारण शहरातील मोठ्या स्मशानभूमींत काळ्यांना जागा नव्हती. जिवंतपणी ज्या समतेसाठी लढलो ती मेल्यावरही दाखवावी म्हणून ही जागा निवडली, असे त्यांनी थडग्यावर कोरून घेतले. जेथे स्मशानेही जातीची असतात तेथील वाचकांना या निवडीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांच्या घरी वीस वर्षे लिडिया हॅमिल्टन स्मिथ ही काळ्या वंशाची कर्तबगार स्त्री घर सांभाळत होती. मृत्युपत्रात तिच्यासाठी तरतूद होती. आईच्या थडग्यावर दरवर्षी गुलाब लावण्यासाठी पैसे होते. आणि अनाथ मुलांच्या आश्रमासाठी रक्कम होती, अट ही की वंश किंवा रंग पाहायचा नाही आणि सगळी मुले एकाच टेबलावर जेवतील. त्या रकमेतून पुढे १९०५ साली लँकेस्टरला गरीब मुलांसाठी कामाचे शिक्षण देणारी शाळा निघाली. ती आज थॅडियस स्टीव्हन्स कॉलेज ऑफ टेक्नॉलॉजी या नावाने चालते.

सनद एकाची, बिल दुसऱ्याचे

आता दुसरी लढाई. चार्टर म्हणजे सनद. सरकारी पैशाने चालणारी, फी न घेणारी, पण सरकारी शाळा-मंडळाच्या नियमांतून बरीचशी सुटलेली, स्वतंत्र विश्वस्तांनी चालवलेली शाळा म्हणजे चार्टर शाळा. अमेरिकेतील पहिला असा कायदा १९९१ साली मिनेसोटा राज्यात झाला. शिक्षकांनी नवे प्रयोग करावेत, त्यातून सरकारी शाळांनी शिकावे, असा मूळ विचार होता. शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी १९८८ साली तो उचलून धरला होता आणि पुढे त्याचे जे रूप झाले ते पाहून तेच त्याच्यावर नाराज झाले. पेन्सिल्व्हेनियात हा कायदा १९९७ साली आला.

या कायद्यात पैसा कसा वाहतो हे नीट समजून घेतले पाहिजे. तेथे ५०० शाळा-जिल्हे आहेत. हे आपल्या जिल्ह्याएवढे नसतात, एखाद्या शहराएवढे किंवा चार गावांएवढे असतात. बहुतेकांचे निवडून आलेले मंडळ असते आणि ते घरपट्टीसारखा मालमत्ता कर बसवते. राज्य सरकार काही मदत देते, उरलेले या करातून. म्हणजे श्रीमंत वस्तीच्या शाळेला आपोआप जास्त पैसा आणि गरीब वस्तीच्या शाळेला कमी. या जिल्ह्यातील मूल चार्टर शाळेत गेले की त्याच्या शिक्षणाचे बिल जिल्ह्याला येते. बिलाची रक्कम चार्टर शाळेचा खर्च पाहून ठरत नाही. तो जिल्हा आपल्या मुलांवर दर डोई किती खर्च करतो, त्यातून काही खर्च वजा करून ती ठरते. जिल्ह्याने बिल भरले नाही तर राज्य सरकार ते जिल्ह्याच्या मदतीतून कापून थेट चार्टर शाळेला देते. शिवाय त्या मुलांना बसने पोहोचवण्याचा भारही जिल्ह्यावरच.

मूल गेले, पैसाही गेला, यात चूक ते काय, असे कोणीही विचारील. हिशेब करून पाहू. समजा एका शाळेत २० वर्ग आहेत, प्रत्येक वर्गात २५ मुले. प्रत्येक वर्गातून एक मूल चार्टर शाळेत गेले. आता २४-२४ मुले उरली. वर्ग किती बंद करता येतील? एकही नाही. शिक्षक तेवढेच, इमारत तेवढीच, हिवाळ्यात ती गरम ठेवण्याचा खर्च तेवढाच. पण दर मुलामागे १२ हजार डॉलर धरले तर वर्षाला २ लाख ४० हजार डॉलर शाळेबाहेर गेले. वाचले काय? काही वह्या-पुस्तके. ही तूट भरायची कशी? एक तर कर वाढवा, नाही तर ग्रंथपाल काढा, संगीत बंद करा, परिचारिका कमी करा. मग शाळा आणखी खालावते, आणखी पालक मुले काढतात, आणखी बिल येते. मूडीज या पतमापन संस्थेने २०१३ सालीच बजावले होते की आर्थिकदृष्ट्या दुबळ्या शहरांच्या शाळा-जिल्ह्यांना चार्टर शाळांच्या वाढीचा सर्वात मोठा धोका आहे. ही संस्था काही गरिबांची कैवारी नव्हे. ती कर्ज देणाऱ्यांना सल्ला देते.

पूर्वी राज्य सरकार या बिलाचा काही भाग जिल्ह्यांना परत देत असे. २०११ साली गव्हर्नर टॉम कॉर्बेट यांच्या अर्थसंकल्पात ही सुमारे २२ कोटी ४० लाख डॉलरची तरतूद एका फटक्यात काढून टाकली. २०१३ साली फिलाडेल्फिया शहराने २३ शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला आणि हजारो कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. बंद झालेल्या शाळा प्रामुख्याने काळ्या वस्त्यांतल्या होत्या. याला एकटे चार्टर कारण नाही, मदत-कपात हे मोठे कारण आहे. पण दोन्ही कुऱ्हाडी एकाच झाडावर पडल्या.

फिलाडेल्फियाच्या दक्षिणेला चेस्टर नावाचे शहर आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी जेथे धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले ती क्रोझर सेमिनरी या शहराला लागूनच होती. जहाजबांधणी आणि कारखाने गेले, कर देणारे गेले, मागे राहिले ते बहुतांशी गरीब काळे लोक. चेस्टर अपलँड शाळा-जिल्ह्यातील निम्म्याच्या आसपास मुले चार्टर शाळांत गेली. जानेवारी २०१२ मध्ये या जिल्ह्याची तिजोरी रिकामी झाली. शिक्षकांनी ठराव केला की पगार मिळाला नाही तरी आम्ही शिकवू. न्यायालयाच्या हस्तक्षेपाने तात्पुरता पैसा आला. २०१५ साली पुन्हा तीच पाळी आणि पुन्हा तोच ठराव!

तेथील सर्वात मोठी गळती अपंग आणि विशेष गरजा असलेल्या मुलांच्या नावाने होती. कायद्याचे सूत्र असे की विशेष शिक्षणाच्या प्रत्येक मुलामागे जिल्ह्याने चार्टर शाळेला एकच सरासरी दर द्यायचा. मूल थोडे बोबडे बोलत असो की अंथरुणाला खिळलेले असो, दर एकच. चेस्टरमध्ये तो सुमारे ४० हजार डॉलर झाला होता. ज्याला आठवड्यातून दोन तास उच्चार शिकवले की भागते त्याचेही ४० हजार. आणि ज्यांना खरोखर परिचारिका, विशेष बस, स्वतंत्र शिक्षक लागतो ती मुले जास्त करून जिल्ह्याच्याच शाळेत उरली. सरकारने हा दर कमी करावा म्हणून न्यायालयात धाव घेतली. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायाधीशांनी आधी नकार दिला. नंतर चार्टर शाळांशी तडजोड होऊन दर खाली आला. वाकड्या पायाने जन्मलेल्या स्टीव्हन्स यांच्या राज्यात अपंग मुलाचा उपयोग हिशेबाच्या वहीत असा झाला.

तिसरा प्रकार सायबर चार्टरचा. मूल घरी, शाळा संगणकावर. इमारत नाही, बस नाही, जेवण नाही. तरीही अनेक वर्षे जिल्ह्याने जवळपास तोच दर द्यायचा. एकाच सायबर शाळेत शेजारी-शेजारी नावे असलेल्या दोन मुलांमागे शाळेला वेगवेगळी रक्कम मिळे, कारण त्यांचे जिल्हे वेगळे. २००२ पासून या शाळांना मान्यता राज्य सरकार देते. बिल भरणाऱ्या जिल्ह्याला त्यात मत नाही. २०२५ साली राज्याच्या महालेखापरीक्षकांनी पाच सायबर शाळांचा अहवाल दिला. २०२० ते २०२३ या काळात त्यांचे उत्पन्न ४७ कोटी ३० लाख डॉलरवरून ८९ कोटी ८० लाखांवर गेले आणि शिल्लक गंगाजळी २५ कोटी ४० लाखांवरून ६१ कोटी ९० लाखांवर. हा पैसा चेस्टरच्या आणि लँकेस्टरच्या घरमालकांनी मुले शिकवण्यासाठी दिलेला होता, साठवण्यासाठी नव्हे. आणि शिकवणे म्हणाल तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१५ च्या देशव्यापी अभ्यासात ऑनलाईन चार्टर शाळांतील मुले गणितात जवळजवळ पूर्ण वर्षाने मागे पडलेली दिसली. २०२४ साली विधिमंडळाने जिल्ह्यांचा भार हलका करण्यासाठी १० कोटी डॉलर दिले. पण तोवर दोन दशके गेली होती.

दुसरी बाजूही ऐकू

चार्टर शाळांच्या बाजूचे लोक काय म्हणतात तेही सांगितले पाहिजे. त्यांचे पहिले म्हणणे असे की बिलातून काही खर्च वजा होतात, त्यामुळे चार्टर शाळेला दर मुलामागे जिल्ह्यापेक्षा कमीच मिळते. हे खरे आहे. दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे. फिलाडेल्फियातील काळी आई आपले मूल चार्टर शाळेत घालते ती कोणाच्या फसवणुकीमुळे नव्हे. तिच्या वस्तीतील सरकारी शाळा अनेक पिढ्या नापास झाली आहे म्हणून. आणि त्याच स्टॅनफर्डच्या २०२३ च्या अभ्यासात देशभरातील चार्टर शाळांतील मुले वाचनात आणि गणितात सरासरीने थोडी पुढे दिसली, त्यातही गरीब काळ्या मुलांचा फायदा अधिक. गोऱ्या उपनगरात राहणाऱ्याने या आईला सार्वजनिक शाळेशी निष्ठा शिकवू नये. त्याने घर विकत घेतले तेव्हाच चांगली शाळाही विकत घेतली होती!

आम्ही त्या आईच्या बाजूने आहोत. स्टीव्हन्स यांची आईही शाळेसाठी गाव सोडून गेली होती. पण प्रश्न आईच्या निवडीचा नाही, कायद्याच्या घडणीचा आहे. एका गरीब मुलाला मिळालेल्या चांगल्या बाकाची किंमत दुसऱ्या गरीब मुलाच्या शाळेतून का वसूल व्हावी? राज्याला नवी शाळा हवी असेल तर तिचा पैसा राज्याने द्यावा, गेलेल्या मुलाच्या मागे जो खर्च उरतो तो राज्याने काही वर्षे सोसावा, अपंग मुलाचा दर त्याच्या खऱ्या गरजेवर ठरवावा. यात अशक्य असे काय आहे? तसे न करता दोन वंचितांना एका भाकरीवर झुंजायला लावायचे आणि श्रीमंत जिल्ह्यांनी कुंपणाआडून पाहायचे, ही व्यवस्था चालवणाऱ्यांना फार सोयीची असते.

एक गोष्ट मात्र समाधानाची घडली. २०१४ साली पेन्सिल्व्हेनियातील सहा गरीब शाळा-जिल्ह्यांनी काही पालकांसह राज्य सरकारवर दावा लावला की शाळांना पैसा देण्याची ही पद्धतच राज्यघटनेच्या विरुद्ध आहे. त्या सहांत लँकेस्टरचा शाळा-जिल्हा होता. होय, स्टीव्हन्स यांचेच लँकेस्टर! ७ फेब्रुवारी २०२३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की दावा खरा आहे, गरीब जिल्ह्यांतील मुलांना त्यांच्या हक्काचे शिक्षण मिळत नाही. २०२४ पासून राज्याने ही दरी भरण्यासाठी हप्ते देण्यास सुरुवात केली. १८३५ साली जे भाषणाने मिळाले ते टिकवण्यासाठी १७९ वर्षांनी न्यायालयात जावे लागले.

स्टीव्हन्स यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, १८७३ साली, महात्मा जोतीराव फुले यांनी गुलामगिरी हा ग्रंथ लिहिला आणि तो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला. जोतीरावांनी स्टीव्हन्स यांचे नाव घेतलेले नाही, पण ती अर्पणपत्रिका ज्यांच्या कामाला उद्देशून आहे त्यांत हा माणूस येतोच. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता : कर शेतकऱ्याचा आणि शिक्षण वरच्यांचे. आणि १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना सरकारच्या अबकारी उत्पन्नाची आणि शिक्षणखर्चाची तुलना करून दाखवली, दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा ही मागणी केली. शिक्षणाचा प्रश्न या तिघांनीही भावनेवर सोडला नाही, जमाखर्चाच्या वहीत नेऊन ठेवला.

म्हणून स्टीव्हन्स यांच्या स्मृतिदिनी आम्ही एवढेच सुचवतो. नव्या शाळेची, नव्या योजनेची, निवडीच्या स्वातंत्र्याची घोषणा ऐकली की टाळ्या वाजवण्याआधी एक प्रश्न विचारा. याचे बिल कोणत्या शाळेच्या नावाने फाटणार? आणि ज्या मुलाला कोठेच जाता आले नाही, त्याच्या वर्गात त्यानंतर काय उरणार? या दोन प्रश्नांना सरळ उत्तर मिळेपर्यंत ती घोषणा म्हणजे १८०९ च्या कायद्यासारखीच, वरून दया आणि आतून डाग.